विविधतेच्या शिबिरात शिकतं कोण आणि त्याची किंमत मोजतं कोण?

वाटसरू
नमस्कार मंडळी. कॉलेजात असल्यापासून मी तरुणांसाठीच्या सामाजिक न्यायाच्या शिबिरांना जाते आहे. आधी शिबिरार्थी म्हणून जायचे, आता गट सांभाळणारी ताई म्हणून जाते. जात, धर्म, लिंगभाव, अपंगत्व, भाषा, घरची परिस्थिती हे तिथले नेहमीचे विषय. या कार्यक्रमांचं माझ्यावर ऋण आहे. घरी ज्या प्रश्नांवर 'आता तो विषय नको' म्हणून पडदा पडायचा, ते प्रश्न अनोळखी माणसांसमोर मोठ्याने विचारायची ताकद मला तिथे मिळाली. माझी सगळ्यात जवळची माणसंही तिथेच भेटली.

पण एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे, म्हणून हा धागा काढते आहे.

'एक पाऊल पुढे' हा खेळ तुमच्यापैकी अनेकांनी खेळला असेल. सगळे एका ओळीत उभे राहतात आणि ताई किंवा दादा एकेक वाक्य वाचतात. लहानपणी घरात पुस्तकं होती? असतील तर एक पाऊल पुढे. आडनाव ऐकून समोरच्याचं वागणं कधी बदललं? बदललं असेल तर एक पाऊल मागे. रात्री एकटं बाहेर पडायची भीती वाटते? मागे. वाक्यं संपली की पुढे गेलेली मुलं वळून बघतात आणि खोलीभर पांगलेला आपलाच गट त्यांना दिसतो. पुष्कळांना रडू येतं. मग गोल करून बसायचं आणि 'कसं वाटलं' ते सांगायचं.

एका शिबिरात एक मुलगी सगळ्यांच्या मागे, पार भिंतीपाशी पोचली होती. पुढचे एकेक करून 'माझे डोळे उघडले' म्हणाले. तिची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "मला यातलं सगळं आधीच माहीत होतं. फक्त आता ते तुम्हाला सगळ्यांना माहीत झालं." तिचं म्हणणं खरं होतं. त्या तासाभरात पुढचे शिकले, आणि त्यांनी शिकावं म्हणून मागच्यांना उघडं पडावं लागलं.

तुम्ही अशा कार्यक्रमांना गेला असाल तर तिथून काय घेऊन आलात आणि तिथे तुम्हाला काय द्यावं लागलं, हे दोन्ही वाचायला आवडेल. कटू अनुभव जरूर लिहा, पण संस्थेचं किंवा माणसाचं नाव घेऊ नका.

आदित्य९४
वाटसरूताई, मी त्या पुढच्या ओळीतला. खेळ वाईटच आहे असं कोणी ठरवून टाकण्याआधी माझी बाजू मांडतो.

तोवर माझी ठाम समजूत होती की मला जे मिळालं ते माझ्या अभ्यासामुळे. वळून पाहिल्यावर माझ्याइतकेच कष्ट करणारा माझा मित्र कुठे उभा आहे ते दिसलं. कितीही व्याख्यानं ऐकली असती तरी ते असं आत उतरलं नसतं. आणि ते रडण्यावर थांबलं नाही. आमच्या अभ्यासमंडळाच्या बैठका रात्री उशिरा व्हायच्या. वसतिगृहाचं दार ठरलेल्या वेळी बंद होत असल्यामुळे मुली येऊ शकत नव्हत्या, आणि 'मुलींना रस नाही' असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. शिबिरानंतर मी बैठकीची वेळ बदलायचा आग्रह धरला. वेळ बदलली आणि पुढच्या वर्षी मंडळाची प्रमुख एक मुलगी झाली.

तेव्हा पद्धत सुधारा, पण पुढच्या ओळीला जागं करायचं काम सोडू नका, एवढंच म्हणणं आहे.

सावली
मी मागच्या ओळीतली. वाटसरूताईंनी सांगितलेली मुलगी मी नव्हे, पण असू शकले असते.

तेव्हा मी अजून अठराचीही नव्हते. घरात काय नाही हे मला ठाऊक होतंच. पण ते मला ठाऊक असणं आणि सगळ्या खोलीने एकाच वेळी ते पाहणं यात फार फरक आहे. त्या संध्याकाळपासून सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागले. माझ्या मताला कोणी विरोध करेना. आदल्या दिवशी ज्या मुलाशी मी कडाकडा वाद घातला होता, तो आता मान डोलावत 'तू म्हणतेस ते बरोबरच असणार' म्हणायला लागला. मला तो वाद हवा होता. वादात आम्ही दोघं सारखे होतो.

रात्री दोघी-तिघी माझ्या अंथरुणापाशी येऊन बसल्या आणि 'तुझ्याबद्दल अजून सांग ना' म्हणाल्या. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण दिवसभर सांगून मी थकले होते, आणि नाही म्हटलं तर मी 'मोकळी' नाही असं ठरलं असतं.

पुढे त्या संस्थेच्या अहवालात माझा रडतानाचा फोटो आला. खाली 'वंचित घटकातील सहभागी' असं लिहिलेलं. मला कोणी विचारलं नव्हतं. घरच्यांनाही नाही, आणि मी तेव्हा अल्पवयीन होते, म्हणजे त्यांना विचारणं भागच होतं. तो अहवाल पुढे कुणाकुणाच्या हाती गेला, कोण जाणे.

आदित्य, तुझी बैठकीची गोष्ट वाचून खरंच बरं वाटलं. पण दाराची वेळ मुलींना विचारूनही कळली असती ना? त्यासाठी कोणाला भिंतीपर्यंत मागे जावं लागलं नसतं.

आदित्य९४
@सावली, याला माझ्याकडे उत्तर नाही. पटलं.

खडूफळा
मी शाळेत शिकवतो आणि मुलांसाठी अशी सत्रं घेतो, म्हणून पद्धतीबद्दल थोडं लिहितो.

स्वतःच्या आयुष्याबद्दल पावलं टाकायला लावणं हा या खेळाचा एकच प्रकार आहे. युरोप परिषदेने मानवी हक्क शिक्षणासाठी २००२ मध्ये जी मार्गदर्शिका काढली, तिच्यात हाच खेळ भूमिकांच्या चिठ्ठ्या देऊन घेतलेला आहे. प्रत्येकाला एक चिठ्ठी मिळते. तू अमुक वयाची, अमुक कामावर असलेली, कागदपत्रं नसलेली स्थलांतरित. चिठ्ठी कोणाला दाखवायची नाही. पावलं त्या पात्राची टाकायची आणि शेवटी आपण कोण होतो ते सांगायचं. ओळ इथेही पांगते, पण कोणाचं घर चव्हाट्यावर येत नाही. माझ्या वर्गात मी हाच प्रकार घेतो.

जेन एलियट यांचा प्रयोग बहुतेकांनी ऐकला असेल. १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी अमेरिकेतल्या आयोवा राज्यात या शिक्षिकेने तिसरीच्या मुलांची डोळ्यांच्या रंगावरून विभागणी केली, एका गटाला वरचढ ठरवलं आणि मग पारडं फिरवलं. वर्गातली सगळी मुलं गोरी होती. म्हणजे दुसऱ्यांना धडा मिळावा म्हणून कोणाची खरी जखम उघडी केली गेली नाही, आणि दोन्ही बाजूंच्या मुलांनी दोन्ही अनुभव घेतले. तरीही एवढ्या लहान मुलांना असं अपमानित करावं का, यावर आजवर वाद चालू आहे, आणि माझं मत नको असंच आहे. विश्वासाने आपल्याकडे आलेल्या मुलाला मुद्दाम दुखवायचा हक्क शिक्षकाला नाही, हेतू कितीही चांगला असो.

सावली
सर, चिठ्ठ्यांचा प्रकार मीही पाहिला आहे. नक्कीच बरा आहे. पण एकदा माझ्या शेजारच्या मुलाच्या चिठ्ठीत माझ्यासारखीच मुलगी निघाली, आणि तो खांदे पाडून, रडवेला चेहरा करून चालायला लागला. त्याच्या मनातली 'ती' तशी होती. चिठ्ठ्या वापराच, पण 'या माणसाबद्दल तू हे कशावरून धरून चाललास' हा प्रश्न नंतर प्रत्येकाला विचारा.

खडूफळा
@सावली, हे अगदी महत्त्वाचं. लिहून ठेवतो.

रानवारा
मी कर्णबधिर आहे. माझा अनुभव वेगळ्या अंगाचा आहे.

एका मोठ्या युवा संमेलनाला मला आग्रहाने बोलावलं होतं. 'आम्ही सांकेतिक भाषेची सोय केली आहे' असं पत्रकात ठळक छापलं होतं. सोय म्हणजे एकच दुभाषी, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. हे काम किती दमवणारं असतं ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ऐकायचं, समजून घ्यायचं आणि त्याच क्षणी दुसऱ्या भाषेत मांडायचं, हे सगळं एकदम चाललेलं असतं. म्हणून मोठ्या कार्यक्रमांना दोन दुभाषी घेतात आणि ते साधारण वीस ते तीस मिनिटांनी पाळी बदलतात. त्या बिचाऱ्या बाईंचे हात दुपारनंतर जड झाले. वक्ता पाच वाक्यं बोलायचा, माझ्यापर्यंत एक पोचायचं.

पण खरा प्रश्न सत्रांचा नव्हता. अशा ठिकाणी ओळखी होतात त्या जेवताना, चहाच्या वेळी, रात्री गप्पा मारताना. दुभाषी फक्त सत्रांपुरती ठरवलेली. सगळे हसत असायचे आणि मी विचारलं की कोणीतरी फोनवर टाइप करून दाखवायचं, 'काही नाही, असंच, नंतर सांगतो'. माझ्या हक्कांबद्दल मंचावरून तळमळीने बोललं जात होतं, आणि मोकळ्या वेळात मी खोलीत जाऊन झोपत होतो.

दोन मुलांनी मात्र माझ्याकडून बोटांनी मुळाक्षरं शिकून घेतली. त्यांच्याशी आजही बोलणं आहे. त्या संमेलनातून मला खरोखर मिळालेलं एवढंच.

चौथाकोन
फार मोलाची चर्चा. रानवारा यांच्या शेवटच्या परिच्छेदाला धरून पुढे जातो.

वेगवेगळ्या गटांतल्या माणसांना एकत्र आणलं की पूर्वग्रह आपोआप विरघळतात, असं समजून बरेच कार्यक्रम आखले जातात. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच सांगितलं होतं की नुसत्या भेटीने भागत नाही. भेटीत दोन्ही बाजूंचा दर्जा समान हवा, उद्दिष्ट सामाईक हवं, ते गाठायला एकमेकांची गरज पडायला हवी, आणि वरच्या अधिकाऱ्यांचा त्याला खरा पाठिंबा हवा. त्याच वर्षी मुझफ्फर शेरीफ यांनी ओक्लाहोमात मुलांच्या शिबिरात एक प्रयोग केला. साधारण अकरा-बारा वर्षांच्या मुलांचे दोन गट पाडून त्यांच्यात चढाओढ लावली, तर वैर पेटलं. मग त्यांना एकत्र जेवायला बसवलं, एकत्र सिनेमा दाखवला. उपयोग शून्य, जेवताना फेकाफेकी झाली. पाणीपुरवठा बंद पडला आणि दोन्ही गटांनी मिळून तो दुरुस्त केल्याशिवाय चालणार नव्हतं, तेव्हा कुठे तेढ हळूहळू कमी झाली. (मुलांना न सांगता हे सगळं घडवून आणलं होतं. आज अशा प्रयोगाला कोणी परवानगी देणार नाही आणि देऊही नये.) पुढे २००६ मध्ये पेटिग्रू आणि ट्रॉप यांनी ५१५ अभ्यास एकत्र तपासले. भेटीगाठींनी पूर्वग्रह साधारणपणे कमी होतो, आणि ऑलपोर्टच्या अटी पाळल्या असतील तिथे जास्त कमी होतो, असं त्यांना दिसलं.

माझा अनुभव याच्याशी जुळतो. आमच्या युवागटाने एकदा सार्वजनिक इमारतींची पाहणी हाती घेतली. व्हीलचेअरवरच्या माणसाला आत शिरता येतं का, हे तपासायचं. गटात व्हीलचेअर वापरणारी एक मुलगी होती आणि मोजणीचं नेतृत्व तिच्याकडे होतं. उताराचं प्रमाण १:१२ पेक्षा तीव्र नको, म्हणजे एक मीटर उंची चढायला किमान बारा मीटर लांबीचा उतार लागतो, हे तिनेच आम्हाला शिकवलं. आम्ही टेप धरत होतो, आकडे लिहीत होतो आणि चुकलो की तिच्याकडून खडे बोल ऐकत होतो. तिला तिची कहाणी कोणीही विचारली नाही. ती आमची गटप्रमुख होती, बस. तिच्या आयुष्याबद्दल जे काही कळलं ते पुढे मैत्रीतून, तिला वाटलं तेव्हा.

सावली म्हणतात ती बरोबरी मला तिथे दिसली. एकमेकांच्या कहाण्या काढण्याआधी एकमेकांबरोबर काम करावं, असं मला वाटतं.

मुक्ता_व
चौथाकोन, पाहणीची कल्पना फारच आवडली. पण 'मिळून काम करा, मैत्री करा' या सल्ल्यात एक धोका आहे.

२००९ मध्ये तमार सॅगी आणि सहकाऱ्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. प्रयोगात एका गटाच्या हाती सत्ता होती, दुसऱ्याच्या हाती नव्हती. 'आपल्यात काय सारखं आहे' यावरच दोघांना बोलायला लावलं, तेव्हा वातावरण छान झालं आणि आता आपल्याला न्याय्य वाटा मिळेल असं सत्ता नसलेल्या गटाला वाटायला लागलं. प्रत्यक्ष वाटपाची वेळ आली तेव्हा सत्तेतल्या गटाने पक्षपात केलाच.

हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. एका कार्यक्रमात आम्ही सगळे खूप जिवलग झालो. नंतर एका कार्यकर्त्याबद्दल एका मुलीने तक्रार केली तेव्हा तिला सांगण्यात आलं, 'आपण एक कुटुंब आहोत, हे बाहेर कशाला?' तक्रार कुठे करायची, कोण ऐकणार, किती दिवसांत उत्तर मिळणार, काहीच लिहिलेलं नव्हतं. त्या जिव्हाळ्याचा उपयोग तिला गप्प करायला झाला. तेव्हापासून मी कुठल्याही शिबिराला जाण्याआधी तक्रारीची लेखी पद्धत मागते. नसेल तर जात नाही आणि कोणाला पाठवतही नाही.

म्हणून मिळून केलेल्या कामाच्या आत अन्यायाबद्दलचं बोलणं असायलाच हवं. चौथाकोन, तुमच्या पाहणीत ते होतं, कारण उतार मोजणं हाच अन्याय मोजणं होतं. नुसतं भिंत रंगवायचं काम असतं तर ते आलं नसतं.

चौथाकोन
@मुक्ता_व, पूर्ण सहमत. पाहणीचा निकाल आम्ही संबंधित कार्यालयांना लेखी दिला होता आणि त्याचा पाठपुरावाही केला. तो भाग मी लिहिलाच नाही, पण कामाचा अर्धा जीव त्यातच होता.

सावली
मला न्याय देणारा एक प्रकारही सांगते, नाहीतर माझ्या वाट्याला फक्त तक्रार राहील.

ब्राझीलचे ऑगुस्तो बोआल यांनी फोरम थिएटर नावाची पद्धत विकसित केली. अन्याय घडतो आणि तो वाईट शेवटाला जातो असं छोटं नाटक आधी पूर्ण करून दाखवतात. मग तेच पुन्हा सुरू करतात. प्रेक्षकांपैकी कोणीही 'थांबा' म्हणायचं, मंचावर यायचं, पीडिताची जागा घ्यायची आणि वेगळं काही करून पाहायचं. बाकीचे नट आपापल्या भूमिकेला चिकटून विरोध करत राहतात, त्यामुळे सोपा विजय मिळत नाही.

आमच्या नाटकात एक मुलगी दाखला काढायला कार्यालयात जाते आणि खिडकीमागचा माणूस तिला सगळ्यांसमोर टाकून बोलतो. पहिला मुलगा आला आणि ओरडला, खिडकी बंद झाली. दुसरीने नियम वाचून दाखवला, 'उद्या या' ऐकलं. मग एका मुलाने विचारलं, "तिची जागा न घेता रांगेत उभ्या असलेल्या माणसाची घेतली तर चालेल?" त्याने रांगेतून पुढे येऊन फक्त एवढंच म्हटलं, "त्यांचं काम झाल्याशिवाय आम्हीही हलणार नाही." मागचे आणखी दोघं येऊन उभे राहिले. खिडकीमागचा नट अडखळला, कारण त्याच्याकडे याला उत्तरच नव्हतं.

पुढच्या ओळीतली मुलं त्या दिवशी माझं दुःख बघत बसली नाहीत, आपण रांगेत काय करतो ते बघत होती. माझ्याकडून कोणी काही मागितलं नाही. मला असे कार्यक्रम हवेत.

वाटसरू
सावली, हे वाचून खूप बरं वाटलं. पुढच्या शिबिरात पावलांच्या खेळाच्या जागी हे घ्यायचं असा प्रस्ताव मी गटापुढे ठेवते आहे. शिवाय कोणत्याही सत्रातून कारण न सांगता उठून जायची मुभा सगळ्यांना पहिल्याच दिवशी स्पष्ट शब्दांत द्यायची, आणि फोटोसाठी दर वेळी वेगळी लेखी संमती घ्यायची.

नवखी१९
मी इथे पहिल्यांदाच लिहिते आहे. सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. एका कार्यक्रमाच्या सल्लागार समितीवर मला 'युवा प्रतिनिधी' म्हणून घेतलं आहे. समितीत बाकी सगळे मोठे आहेत. पहिल्या बैठकीचा अजेंडा आला, त्यात माझं नाव फक्त 'स्वागतपर मनोगत' या ओळीपुढे आहे. मी काय विचारू? उद्धट तर वाटणार नाही ना?

खडूफळा
उद्धट अजिबात नाही. रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्या खालच्या तीन पायऱ्यांवर मुलं वापरून घेतली जातात, सजावटीपुरती असतात किंवा नावापुरती असतात. या तिन्हींना हार्ट सहभाग मानतच नाहीत. फक्त स्वागतपर मनोगत असेल तर तुला याच पायऱ्यांवर उभं केलं आहे. त्यामुळे थेट विचार: मला मतदानाचा हक्क आहे का? पुढच्या अजेंड्यात मी विषय घालू शकते का? अंदाजपत्रक मला बघायला मिळेल का? प्रवासखर्च मिळणार का? हा शेवटचा प्रश्न संकोचाने गाळू नकोस. तो गाळला की ज्यांना परवडतं तेच प्रतिनिधी होतात.

मुक्ता_व
आणि एकटी जाऊ नकोस. आणखी एक युवा प्रतिनिधी माग. एकीचं म्हणणं बाजूला सारता येतं, दोघींचं सारणं अवघड जातं. इतिवृत्तात तुझे प्रश्न नोंदवले जातील याकडे लक्ष ठेव.

नवखी१९
बैठक झाली. मताचा हक्क 'पुढे बघू' म्हणाले. प्रवासखर्च मान्य झाला, दुसऱ्या प्रतिनिधीची जागाही मान्य झाली. अंदाजपत्रक दाखवलं. त्यात दुभाष्यांसाठी एकच ओळ होती, म्हणून मी रानवारादादांचा अनुभव नाव न घेता सांगितला. त्यांनी मलाच टिपण द्यायला सांगितलं आहे. दादा, त्यात काय काय लिहू?

रानवारा
वा, छान! हे लिही. प्रत्येक सत्राला दोन दुभाषी. जेवण, चहा आणि रात्रीच्या गप्पांची वेळ धरूनच त्यांचे तास मोजा आणि त्या सगळ्या तासांचे पैसे द्या. कर्णबधिर सहभागी येणार की नाही हे नोंदणी अर्जातच विचारा, म्हणजे शेवटच्या क्षणी धावपळ होत नाही. दुभाष्यांना वेळापत्रक, भाषणांचा मजकूर आणि विशेष नावांची यादी काही दिवस आधी पाठवा. मंचावर दुभाष्याच्या मागे खिडकी किंवा प्रखर दिवा नको, हात दिसत नाहीत. आणि टिपण देण्याआधी एखाद्या कर्णबधिर युवक संघटनेला ते दाखव. मी एकटा सगळ्यांच्या वतीने बोलू शकत नाही. कच्चा मसुदा हवा तर मला निरोप पाठव, या आठवड्यात बघून देतो.